सर्जन घरात, भूल तळेऱ्याच्या पुढे

मे महिन्याचा दुसरा रविवार. वेळ सकाळी साडेदहाची ठरलेली, प्रत्यक्ष सुरुवात अकरा दहाला.

उपस्थिती:
आबा, म्हणजे माझे थोरले दीर. एसटीचे निवृत्त चालक. अध्यक्ष.
माझे यजमान. बाजारात पंप आणि मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान. बोलण्याची शक्यता कमी.
नणंद, डोंबिवलीहून, मोबाईलवर. निम्मा वेळ फक्त त्यांच्या छताचा पंखा दिसत होता.
माझी मुलगी. जनरल सर्जन.
शेजारचे अण्णा. निमंत्रण नव्हतं, पण होते.
मी. इतिवृत्त लिहायला.
रजेवर: मोठ्या जाऊबाई. माहेरी लग्न.

घरातल्या बैठकीचं कुणी इतिवृत्त ठेवतं का, असं मला पुष्कळांनी विचारलंय. ठेवावं लागतं. आमच्या विहिरीवर पंप एकच आहे. कुठल्या दिवशी कुणाच्या कलमांना पाणी, हे एकदा सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. आठवडा झाला नाही तोच प्रत्येकाला वेगळं ठरल्याचं आठवू लागलं आणि दोन भाऊ दोन महिने एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत राहिले. मी हायस्कुलात हेडक्लार्क आहे. 'ठरलं' आणि 'लिहिलं' यांत किती अंतर असतं ते मला नोकरीनं शिकवलंय. तेव्हापासून दोनशे पानी वही, निळं पेन आणि उपस्थिती.

त्या दिवशी विषय एकच होता: मुलीची नोकरी.

डॉक्टरकीची साडेपाच वर्षं, सर्जरीची तीन, सरकारी बंधपत्राचं एक वर्ष लांबच्या जिल्ह्यात, एवढं संपवून ती तीन आठवड्यांपूर्वी घरी आली होती. गावाची समजूत अशी, की सर्जन झालं म्हणजे नोकऱ्या दारात रांग लावतात. रांग लागली, पण नोकऱ्यांची नव्हे. पहिल्या दिवशी पायाला कुरूप झालेली एक बाई आली. दुसऱ्या दिवशी तापानं फणफणलेले एक गृहस्थ आले; सर्जन तापाला औषध देऊ शकते की नाही, यावर आमच्या ओसरीवर अर्धा तास चर्चा झाली आणि ताप तेवढ्यात उतरला. तिसऱ्या दिवशी वरच्या वाडीतला एकजण चक्क म्हैस घेऊन अंगणात उभा.

"कापूचा नाय गो, नुसता बघ," तो म्हणाला.

तिनं बघितलं. म्हशीनंही तिला बघितलं.

या सगळ्यात तिच्या कामाचा माणूस एकच, शेजारचे अण्णा. त्यांच्या जांघेत गाठ होती. उभं राहिलं की येते, आडवं झालं की जाते. बारा वर्षं ते ती लंगोटानं आवळून माडांची कामं करत होते. मुलीनं त्यांना आतल्या खोलीत नेऊन तपासलं आणि बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा असा उजळलेला, की परीक्षेच्या निकालालाही मी तो तसा पाहिला नव्हता.

"हर्निया आसा," ती म्हणाली. "अण्णानू, ऑपरेशन करूक होया."

"तू करतलंस?"

"मी करतलंय. खंय करूचा ता बघूया."

"तू करतलंस तर करतंय. भायर खंय जावक सांगशीत तर बारा वर्सा काढलंय, आनखी बारा काढीन."

त्या दिवसापासून अण्णा रोज सकाळी चहाच्या वेळेला येऊन एकच प्रश्न विचारायचे, "तारीख गावली?" मी वहीत एक पान उघडलं. रुग्ण क्रमांक १, आजार, तारीख. तारखेचा रकाना कोरा.

इकडे घरात गाठी वाढत होत्या. सर्जननं रोज गाठी मारायच्या असतात, नाहीतर हात विसरतो, असं ती म्हणायची. झोपाळ्याच्या कडीला सुतळी बांधून ती एका हातानं अशा भरभर गाठी मारायची, की बघणाऱ्याला वाटावं दुसरा हात उसना दिलाय. कडी भरली की दुसरं काहीतरी. कढीपत्त्याची जुडी, माझ्या पिशवीचे बंद, यजमानांच्या दुकानातली पुडकी. एके दिवशी परकराची नाडी मला कात्रीनं कापावी लागली. मी रागावले, तेव्हा ती झोपाळ्यावरून म्हणाली, "आई, बंधपत्राच्या शेवटच्या महिन्यांत तिथलं थिएटर दुरुस्तीला बंद होतं. गेल्या चार महिन्यांत मी एकही पोट उघडलेलं नाही. हात बंद पडत चाललाय माझा." मग मी रागवायचं थांबवलं आणि सुतळीचा नवा गुंडा आणला.

म्हणून मी तक्ता केला होता. बैठकीत तोच वाचला. रकाने चार: ठिकाण, कायम की कंत्राटी, घरापासून अंतर, आणि चौथा तिनं स्वतः वाढवलेला: 'माझ्या हातानं किती ऑपरेशनं'.

पहिला पर्याय गोव्यातलं एक खाजगी हॉस्पिटल. कायम नोकरी, चांगली खोली, दोडामार्गावरून रोज जाणारे-येणारे ओळखीचे. चौथा रकाना: पहिली दोन वर्षं मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली. म्हणजे चिमटा धरणे, शेवटचे टाके घालणे, कागद लिहिणे. होकार किंवा नकार शुक्रवारपर्यंत कळवायचा होता.

दुसरा घाटावरचा. फोंडाघाट चढून गेल्यावर चार तासांवर एक दवाखाना. त्यांना सर्जनचं नाव दारावरच्या पाटीला हवं होतं. सर्जन आला नाही तरी त्यांची हरकत नव्हती.

तिसरा, पुढचं शिक्षण. अजून तीन वर्षं. यावर यजमान म्हणाले, "आनखी?" संपूर्ण बैठकीतलं त्यांचं एवढंच भाषण. ते मी शब्दशः घेतलंय.

चौथा आमच्या तालुक्याचं सरकारी रुग्णालय. कंत्राटी, अकरा महिने, घरापासून वीस मिनिटं. सर्जनची जागा रिकामी, मुलाखत झालेली, हजर कधी होता एवढंच विचारणं बाकी. चौथ्या रकान्यात तिनं प्रश्नचिन्ह काढलं होतं.

"ह्या प्रश्नचिन्ह कित्याक?" आबांनी विचारलं.

ती सांगणार होती. पण आबांनी हात वर केला. "थांब. आदी गाऱ्हाणा घालूया. मगे चर्चा."

आमच्याकडे कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. विहीर असो, लग्न असो, नवी मोटारसायकल असो. एकानं उभं राहून देवाला सगळं सविस्तर सांगायचं आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. गावात हा मान आमच्या घराण्याकडे, म्हणजे आबांकडे आहे. बत्तीस वर्षं एसटी चालवल्यामुळे त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. नारळ ठेवला, विडा ठेवला, आम्ही उभे राहिलो. नणंदेनं तिकडे डोंबिवलीत डोक्यावर पदर घेतला असावा, पंखा हलला.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुजी लेकरा हय एक जाग्यार जमली आसत..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या चेडवान इतकी वर्सा अभ्यास केलो, त्येका तूच यश दिलंस..."

"व्हय म्हाराजा!"

"त्येच्या वाटेर काय इडापीडा आसात, काय कोणाची वायट नजर आसात, ती दूर कर..."

"व्हय म्हाराजा!"

"त्येका आपल्याच तालुक्यात नोकरी गावांदे, हयच रवान त्येच्या हातसून हजारो लोकांचा बरा होवांदे..."

"व्हय म्हाराजा!"

सगळे म्हणाले. मी म्हणाले. यजमान म्हणाले. अण्णा सगळ्यांत मोठ्यानं म्हणाले. मुलगीही म्हणाली, हात जोडून, डोळे मिटून. चार सेकंदांनी डोंबिवलीहून नेटवर्कमधून एक होकार आला.

आबा खाली बसले आणि विडा उचलला. "झाला. ठरला. चेडू हयच रवतला."

"कधी ठरला?" मुलगी.

"आत्ताच. देवासमोर व्हय म्हटलंस तू."

"आबानू, ता सवयीन म्हटलंय!"

"देव काय सवय इचारता? व्हय म्हणजे व्हय."

नणंद म्हणाल्या की आपल्याला ते वाक्य नीट ऐकू आलंच नव्हतं, तेव्हा आपला होकार धरू नये. अण्णा म्हणाले की त्यांचा धरावा. आबा माझ्याकडे वळले, "हेडक्लार्कबाई, ठराव लिवा." मी लिहिला नाही. ठराव आणि गाऱ्हाणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि विषयपत्रिकेवर गाऱ्हाणं नव्हतं. मी एवढंच लिहिलं: 'अध्यक्षांनी आयत्या वेळचा विषय मांडला.'

मुलगी चिडली होती, पण आबांवर तिला फार वेळ चिडता येत नाही. लहानपणी त्यांच्या मागच्या सीटवर बसून तिनं निम्मा जिल्हा पाहिलाय. ती त्यांच्यासमोर पाटावर बसली.

"आबानू, माका हय रवाक आवडात. पण ऑपरेशन एकटी सर्जन करूक शकणा नाय. माणसाक भूल दिवची लागता. ती देवचो डॉक्टर वेगळो. मी कापतंय तवसर त्येचो श्वास, त्येचा रक्त, सगळा तोच सांभाळता. आपल्या रुग्णालयात सर्जनची जागा आसा, भूलतज्ज्ञाची जागा आसा, पण भूलतज्ज्ञ नाय. थंय जावन मी काय करू? कुरूप कापू?"

आबांनी विडा थांबवला. "म्हंजे तू ड्रायव्हर आणि तो कंडक्टर."

"तसाच समजा."

"बेल कोण देता?"

"तोच. सुरू करूची पण त्येनाच सांगूची आणि थांबवूची पण त्येनाच."

आबा गंभीर झाले. कंडक्टर नसताना गाडी डेपोच्या फाटकाबाहेर काढता येत नाही, हे त्यांना कुणी पटवून द्यायची गरज नव्हती. बत्तीस वर्षांत डबल बेलशिवाय त्यांनी चाक हलवलेलं नाही. एकदा एक आमदार गाडीत बसलेले असताना कंडक्टर चहा प्यायला गेला होता, तेव्हासुद्धा नाही.

"मगे ह्या तू आदी कित्याक नाय सांगलंस?" ते म्हणाले.

"सांगतच होतंय. तुम्ही गाऱ्हाणा घातलास."

इथे पंख्याच्या जागी नणंदेचा चेहरा दिसला. "अगो, मग सोपं आहे! जावईच भूल देणारा बघूया!"

हे मी आज लिहिताना वेडगळ वाटतंय. पण त्या ओसरीवर, आंब्याचं पन्हं पिताना, ते अत्यंत व्यवहार्य वाटलं. एकाच घरात दोघंही. सुट्टी एकत्र, ड्यूटी एकत्र. नणंदेकडे दोन स्थळं होती, त्यातलं एक दातांचं निघालं. दातांचे डॉक्टर स्वतःपुरती थोडी भूल देतात, असं नणंदेचं म्हणणं. आबांनी दोडामार्गाच्या एका जुन्या कंडक्टरला फोन लावला, कारण त्याचा भाचा 'अशाच कसल्यातरी लायनीत' होता. भाचा रबराच्या मळ्यात होता. आणि मी, कबूल करते, वहीत नवीन पान उघडून वर लिहिलं: 'वर. भूलतज्ज्ञ. शक्यतो सिंधुदुर्ग.' खाली एक ते दहा आकडेही घातले.

मुलीनं पान वाचलं. मग उठून झोपाळ्याजवळ गेली आणि सुतळीच्या गाठी मारू लागली. त्यातल्या काही उगाच घट्ट होत्या.

मंगळवारी मी किरकोळ रजा टाकली आणि आम्ही दोघी तालुक्याचं रुग्णालय बघायला गेलो. जे आहे ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय तक्ता पुरा होत नाही. ऑपरेशनच्या खोलीची चावी सिस्टरांकडे होती. त्या माझ्याच वयाच्या, कमरेला चाव्यांचा जुडगा, खिशात छोटी डायरी. मला बरं वाटलं. दारावर पाटी: 'ऑपरेशनचे वार: मंगळवार, शुक्रवार'. खोली स्वच्छ. टेबल नवं. वरचा दिवा तर असा, की मुलीनं त्याच्या मुठीला हात लावून तो थोडा इकडे, थोडा तिकडे फिरवला आणि तिच्या नकळत तिचे दोन्ही हात कोपरात वर गेले, धुऊन आल्यासारखे. टेबलावर कुणी नव्हतं.

"भूलतज्ज्ञ कधी येतात?" मी विचारलं.

सिस्टर आधी कार्यालयीन मराठीत बोलल्या. "पद रिक्त आहे, जाहिरात दिलेली आहे." मग दार लोटून आमच्या भाषेत, "खरा सांगू, वयनी? सर्जन एकवेळ गावतत. भूलवालो खंयसून हाडतलास? जो जिल्ह्यात आसा त्येका चार ठिकाणी ओढतत. तो तरी खंय खंय पुरतलो?"

"दुसरं कोणीच नाही?"

सिस्टरांनी डायरी काढली. पान उलटलं, पुन्हा उलटलं. "एक बाई आसत. घाटावर मोठ्या हॉस्पिटलात हयात काढल्यानी. आता निवृत्त होवन माहेरच्या बागेत येवन रवल्यात. तळेऱ्यावरून देवगडच्या वाटेर. पण त्या कोणाक उभ्या करणत नाय. आमचे सायब दोनदा जावन इले. दोनदा आंबे घेवन इले."

बुधवारी आम्ही तिघं निघालो. गाडी आबांनी चालवली. जाताना ते प्रत्येक थांब्याशी सवयीनं वेग कमी करत होते. मागच्या सीटवर त्यांनी एक नारळ ठेवला होता. मी विचारलं तर म्हणाले, वाटेत देऊळ लागतं. तळेऱ्याला वळलो, आणि पुढे अर्ध्या तासात बाग सापडली.

बाई पासष्टीच्या, बारीक, ताठ. मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, आंब्याच्या पेट्या भरणं चाललं होतं आणि त्या स्टुलावर बसून प्रत्येक पेटीवर खडूनं खूण करत होत्या. आम्ही कोण, कशासाठी, हे मी तीन वाक्यांत सांगितलं. त्यांनी मान वरही केली नाही.

"चाळीस वर्षं मी लोकांना झोपवलं," त्या म्हणाल्या. "आता मला झोपू द्या. आणि हंगाम ऐन भरात आहे. तीन गडी हवेत, एक आलाय. दीडशे पेट्या बांधून संध्याकाळच्या गाडीला घालायच्या आहेत. तुम्ही आंबे खा आणि जा."

बोलणं संपलं होतं. मी वही बंद केली. पण मुलगी पेट्यांच्या ढिगाजवळ गेली होती. भरलेली पेटी, वर गवत, बाजूला सुतळीचा गुंडा. तिनं सुतळी घेतली, पेटीला फिरवली आणि एका हातानं गाठ मारली. दुसरी पेटी. तिसरी. पेट्या बांधणारा गडी दोन हातांनी एक बांधेपर्यंत हिच्या चार व्हायच्या. मीही मुकाट्यानं बाजूला बसून बांधलेल्या पेट्या मोजू लागले, कारण रिकामं बसणं मला जमत नाही.

बाईंचा खडू थांबला. बराच वेळ त्या नुसत्या बघत होत्या. पेट्यांकडे नाही, मुलीच्या बोटांकडे.

"कुठं शिकलीस?"

मुलीनं सांगितलं.

"गाठ चांगली आहे. घाई आहे."

"हो, मॅडम."

"रक्त दिसलं की ही घाई वाढते की कमी होते?"

"कमी होते," मुलगी म्हणाली. पुढची गाठ तिनं सावकाश मारली. "पण चार महिने झाले, रक्तच दिसलेलं नाही."

बाईंनी पुढची पेटी तिच्याकडे सरकवली. अडीच तासांत दीडशे पेट्या झाल्या. आबांनी त्या टेम्पोत अशा लावल्या, की टेम्पोवाला म्हणाला, 'रोज येवा.' आम्हाला पन्हं मिळालं, डझनभर आंबे मिळाले, होकार मिळाला नाही. बाईंनी हात जोडले. आम्ही निघालो.

तेव्हा आबांनी गाडीतून नारळ आणला.

"बाईनू, तुमच्या बागेचो राखणदार खंय आसा? इलोच आसय तर हंगामासाठी एक गाऱ्हाणा घालतंय. आंबो सुखरूप पार पडांदे."

राखणदार म्हणजे बाग सांभाळणारा देव. बागायतदार माणूस याला नको म्हणू शकत नाही. बाई सर्वांना घेऊन काजूच्या झाडाखालच्या दगडाशी गेल्या. गडी उभा राहिला, टेम्पोवाला टेम्पो बंद करून आला. आबांचा आवाज लागला.

"बा राखणदारा म्हाराजा! ही बाग तुजी, ही लेकरा तुजी..."

"व्हय म्हाराजा!"

बाईही म्हणाल्या. घाटावर चाळीस वर्षं काढली, पण हे 'व्हय म्हाराजा' आतून आलं, लहानपणचं.

"आंब्यार काय करपो, काय तुडतुडो आसात, तो दूर कर..."

"व्हय म्हाराजा!"

"पेटी न पेटी चांगल्या बाजारात पोचांदे..."

"व्हय म्हाराजा!"

मला एकाएकी कळलं पुढे काय येणार आहे. मी मुलीकडे बघितलं. तिलाही कळलं होतं. तिनं ओठ घट्ट मिटले.

"आणि ह्या माउलीच्या हातात जी इद्या आसा, ती फुकट न जातां, मंगळवार-शुक्रवार आपल्या तालुक्यातल्या गरिबाक मिळांदे..."

"व्हय म्हाराजा!" बाई म्हणाल्या. डोळे मिटून, स्पष्ट, सगळ्यांच्या आधी.

मग डोळे उघडले.

"हे काय म्हणालात तुम्ही?"

"मी काय नाय म्हटलंय," आबा म्हणाले. "मी इचारलंय. म्हटलास तुम्ही."

"ही फसवणूक आहे!"

"असू शकते," मुलगी म्हणाली. "माझी पण अशीच झाली. रविवारी."

बाईंनी तिच्याकडे बघितलं, आबांकडे बघितलं, दगडाकडे बघितलं. आणि हसायला लागल्या. हसता हसता दगडाच्या पायरीवरच बसल्या. मग हसू पुसून एकदम कामाच्या आवाजात म्हणाल्या, "तोंडी संमती मी आयुष्यात कधी चालवून घेतली नाही. पेशंटचीही नाही आणि देवाचीही नाही. लेखी होईल. पण माझ्या अटींवर."

त्यांनी मांगरातून एक कागद आणला आणि उभ्या उभ्या लिहून काढला. भूल देण्याचं यंत्र तपासून, तपासणाऱ्याच्या सहीसह. ऑक्सिजनचे सिलिंडर, एक चालू, दोन राखीव. घशातला स्राव ओढायचं यंत्र, एक नव्हे, दोन. वीज गेली तर पायानं चालणारं एक. औषधांची यादी, मुदत संपायच्या तारखांसह. जनरेटर. एकूण तेवीस मुद्दे, प्रत्येकापुढे खुणेसाठी चौकोन. अक्षर छापल्यासारखं. माझ्या आयुष्यात मी यापेक्षा सुंदर यादी पाहिलेली नाही आणि हे मी त्यांना सांगितलं.

"तेवीसच्या तेवीस खुणा झाल्या की फोन करा," त्या म्हणाल्या. "बावीस झाल्या तर करू नका."

गुरुवारी मी पुन्हा रजा टाकली. यादी सिस्टरांना दाखवली. त्यांनी डायरी काढली, मी वही काढली आणि दुपारपर्यंत आम्ही दोघींनी चौदा खुणा केल्या. अधीक्षकांनी जनरेटर स्वतः सुरू करून दाखवला. पायाचं यंत्र सापडलं, गोदामात, कापडात नीट गुंडाळलेलं. त्याचा एक वॉशर गेलेला. यजमानांनी तो दुकानातून आणून बसवला आणि तीनदा पाय मारून बघितला. काही बोलले नाहीत, पण घरी येताना शीळ घालत होते.

शुक्रवारी सकाळी गोव्याचं पत्र मुलीच्या मोबाईलमध्ये तयार होतं. नकाराचं. अठरा खुणा झाल्या होत्या, पाच बाकी होत्या. ती झोपाळ्यावर बसून माझ्याकडे बघत राहिली.

"आई, पाठवू? बाई आल्याच नाहीत तर?"

आईनं अशा वेळी काहीतरी भारी बोलावं, अशी अपेक्षा असते. मी तक्ता काढला. गोव्याच्या ओळीत चौथा रकाना: दोन वर्षं चिमटा. तालुक्याच्या ओळीत: प्रश्नचिन्ह. "प्रश्नचिन्ह म्हणजे शून्य नव्हे," मी म्हणाले. क्लार्क म्हणून मला एवढंच ठामपणे सांगता येत होतं. मग हळूच विचारलं, "तुझं तुला काय वाटतं?"

"त्या दिव्याची मूठ सैल आहे, आई. उजवीकडे फिरवला की खाली येतो. ती घट्ट करून घ्यायला हवी." आणि तिनं अंगठा दाबला. पत्र गेलं.

चोविसावा मुद्दा म्हणून मी तो दिवा लिहून घेतला. तो यजमानांनी शनिवारी केला.

ती रुजू होऊन आता तीन आठवडे झाले. तेवढीच जागा बधिर करून होणारी कामं ती स्वतःच करते: गळू, चरबीच्या गाठी, पायातले खिळे, आणि हो, कुरुपं. घरातल्या गाठी कमी झाल्यात. नणंदेला स्थळं थांबवायला कळवलंय. त्यांनी दातांच्या डॉक्टरला अजून कळवलेलं नाही, असा मला संशय आहे. आबांना मी सांगून ठेवलंय की यापुढे गाऱ्हाण्याचा मसुदा आधी दाखवायचा. ते म्हणाले, "देवाक मसुदो दाखयतंत?" मी म्हटलं, देवाला नव्हे, मला.

बाईंच्या यादीत बावीस खुणा आहेत. राहिलाय पहिलाच मुद्दा, भूल देण्याचं यंत्र, तपासणाऱ्याच्या सहीसह. तपासणारा तंत्रज्ञ कोल्हापूरहून यायचा आहे. त्याला मी सहा वेळा फोन केला. सोमवारी निघाला होता, फोंडाघाटात गाडी तापली म्हणून परत गेला. बुधवारी दुसऱ्या जिल्ह्यात यंत्र बंद पडलं, तिकडे गेला. आता शुक्रवार म्हणालाय. आबा म्हणतात मी जावन घेवन येतंय, माजी गाडी तापत नाय. त्यांना मी अजून हो म्हटलेलं नाही, पण गाडीत नारळ आधीच ठेवलेला दिसला.

अण्णा आज सकाळीही येऊन गेले. चहा घेतला, लंगोट सारखा केला आणि वहीत डोकावले. रुग्ण क्रमांक १, हर्निया, उजवी बाजू. त्यापुढे तारखेचा रकाना मी पेन्सिलनं आखून ठेवलाय.